गाण्याचा बाजार आणि गाण्यावरची मुद्रा

कलेस राजाश्रय बरा की लोकाश्रय बरा, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. राजाश्रयाचे अभिमानी दरबारांची नावे सांगतात. लोकाश्रयाचे कैवारी संतांकडे व शाहिरांकडे बोट दाखवितात. परंतु गेल्या वीस वर्षांत या वादात एक तिसरा पक्ष उभा राहिला आहे. घरातल्या एका खोलीत बसून आपणच शब्द रचावे, आपणच चाल लावावी, लहानशा यंत्रावर ते ध्वनिमुद्रित करावे, आणि कोणाही राजाची, नाटक मंडळीची, चित्रपटसंस्थेची अथवा ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीची परवानगी न घेता समाजमाध्यमांच्या द्वारे ते जगापुढे ठेवावे, असे कितीतरी तरुण आज करीत आहेत. या प्रकारास 'स्वतंत्र संगीत' असे नाव पडले आहे. नाव गोड आहे. आणि त्यामागील धडपडही खरी आहे. मात्र हे संगीत कोणापासून स्वतंत्र, आणि आता कोणाच्या अधीन, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांतून फारसा विचारला जात नाही. तो इतिहासाच्या उजेडात विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विचारासाठी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, याहून सोयीचे स्थळ महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. शहराच्या पश्चिमेस देवगिरी, दक्षिणेस गोदातीरी पैठण, आणि शहरातच नागसेनवन. गाणे कोणाच्या बळावर जगते या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे या टापूत सुमारे आठशे वर्षांत दिली गेली आहेत. ती एकापुढे एक मांडली म्हणजे आजच्या उत्तराची परीक्षा करणे सोपे जाते.

परीक्षेस एक कसोटी हवी. आपल्या भाषेत 'मुद्रा' या शब्दाचे दोन अर्थ या प्रसंगी उपयोगी पडतील. मुद्रा म्हणजे ठसा, कर्त्याने आपल्या कृतीवर उमटविलेले नाव. आणि मुद्रा म्हणजे नाणे, द्रव्य. गाण्यावर नाव कोणाचे राहिले आणि नाणे कोणाच्या हाती गेले, हे दोन प्रश्न प्रत्येक काळास विचारावे, म्हणजे त्या काळी गवई किती स्वतंत्र होता ते कळून येते.

प्रथम देवगिरी. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याचे आजोबा भास्कर हे काश्मीरहून दक्षिणेत आले. वडील सोढल यांनी यादवांची चाकरी केली. शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन असे त्याचे विभाग आहेत, आणि हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही परंपरा त्यास आपला आधारग्रंथ मानतात. परंतु या थोर संगीतशास्त्रज्ञाचा दरबारातील हुद्दा गवयाचा नव्हता. तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा मुख्य अधिकारी होता. ज्या हाताने राजाच्या खजिन्याचा जमाखर्च लिहिला त्याच हाताने श्रुतींची मोजदाद केली, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. आणि पुढील विवेचनाच्या दृष्टीने अर्थपूर्णही आहे.

शार्ङ्गदेवाने 'वाग्गेयकारा'चे लक्षण दिले आहे. जो शब्दही रचतो आणि चालही रचतो तो वाग्गेयकार. दोन्ही अंगांत जो निपुण तो उत्तम. आज ज्यास आपण स्वतंत्र संगीतकार म्हणतो त्याचे याहून नेटके वर्णन करता येणार नाही. प्रबंधाच्या रचनेत शेवटी 'आभोग' नावाचा भाग येई. त्यात रचणाराचे, किंवा ज्याची स्तुती करावयाची त्याचे, नाव गोवण्याची रीत होती. म्हणजे गाण्याच्या अखेरच्या ओळींत कर्ता आणि आश्रयदाता शेजारी शेजारी बसत. कर्त्यास नाव मिळे, परंतु ते राजाच्या नावाच्या आधाराने. आणि नाणे तर राजाचेच असे. शार्ङ्गदेवाने स्वतःस 'निःशंक' हे बिरुद लावून घेतले होते. दरबारी मनुष्याने हे बिरुद घ्यावे यात थोडा अभिमान आहे, आणि थोडी इच्छाही असावी.

असल्या आश्रयाचा एक दोष उघड आहे. राजा गेला की गाणे उघडे पडते. १३१८ साली यादवांचे राज्य संपले, देवगिरी दिल्लीच्या ताब्यात गेली, आणि पुढे महंमद तुघलकाने ती दौलताबाद या नावाने आपली राजधानी केली. जुने छत्र गेले. परंतु गाणे थांबले नाही. त्याने दुसरे घर शोधले, आणि त्या घराचे वर्णन सुदैवाने एका परदेशी प्रवाशाने लिहून ठेवले आहे.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात हिंदुस्थानात होता. दौलताबादेस गायक व गायिकांचा एक स्वतंत्र बाजार होता असे तो सांगतो. त्या बाजारास 'तरबाबाद' म्हणत. तरब म्हणजे गाण्याने होणारा उल्हास, आणि तरबाबाद म्हणजे त्या उल्हासाची वसाहत. हा बाजार फार मोठा व देखणा होता. दुकानांच्या रांगा होत्या. प्रत्येक दुकानास मागील घरात जाण्याचे दार असे. दुकानात गालिचे अंथरलेले असत, आणि तेथे गायिका नटूनथटून बसत. बाजाराच्या मध्यावर एक सजविलेला घुमट होता. दर गुरुवारी तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर गवयांचा मुख्य तेथे येऊन बसे, त्याचे सेवक समोर उभे राहत, आणि गायिका एकामागून एक येऊन सायंकाळपर्यंत गात. या बाटेने जाणारा एक हिंदू राजा त्या घुमटाशी उतरून गाणे ऐके आणि काही मुसलमान सुलतानही तसेच करीत, असेही तो लिहितो.

हे वर्णन वाचताना आजच्या मनुष्यास ओळखीचे वाटल्यावाचून राहत नाही. प्रत्येकाचे आपले दुकान आणि आपले दार. वाटेने जाणारा कोणीही थांबावा आणि ऐकावे. दरबाराचे आमंत्रण लागत नाही. समाजमाध्यम म्हणतात ते याहून फार वेगळे काय आहे? मात्र वर्णनातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एक, बाजार सर्वांचा असला तरी मधला घुमट एकाचा होता, आणि कोणी केव्हा गावे याचा क्रम तेथे लागत होता. दुसरी गोष्ट अधिक मनास लागणारी आहे. प्रवाशाने बाजाराचे नाव टिपले, वार टिपला, प्रहर टिपला. परंतु त्या शेकडो कंठांपैकी एकीचेही नाव आपणास त्या वर्णनातून मिळत नाही. नाणे तेथे रोज खुळखुळत असेल. नावाची मुद्रा मात्र पुसली गेली.

याच्या अगदी उलट उदाहरण पुढील शतकांत, त्याच देवगिरीच्या छायेत घडले. पैठणचे एकनाथ (१५३३ ते १५९९) हे आपल्या गुरूंकडे, जनार्दनस्वामींकडे, देवगिरीस राहिले. जनार्दनस्वामी हे त्या किल्ल्यावरचे अधिकारी. परंतु शिष्याने गुरूपाशी अधिकाराचा लाभ मागितला नाही. त्याने गुरूचे नाव घेतले आणि आपल्या नावास जोडले. अभंगाच्या अखेरीस येणारी 'एका जनार्दनी' ही मुद्रा मराठी घरांत कोणास ठाऊक नाही? आभोगात ज्या ठिकाणी राजाचे नाव बसत असे त्या ठिकाणी नाथांनी गुरूचे नाव बसविले. रचना जुनीच राहिली, धनी मात्र बदलला. आणि हा धनी वेतन देत नव्हता, म्हणून आज्ञाही करीत नव्हता.

नाथांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी असे दारोदार हिंडणारे लोक बोलतात. हे सारे त्या काळचे चालते प्रसारक होते असे म्हणावयास हरकत नाही. त्यांच्या चाली लोकांच्या कानी बसलेल्या होत्या. नाथांनी त्या चालींत आपला विचार घातला आणि तो गावोगाव गेला. वारकऱ्याने तो पंढरीस नेला, कीर्तनकाराने देवळात सांगितला, दळणाऱ्या बायकांनी जात्यावर म्हटला. यात नाथांच्या हाती एक कवडी आली नाही. परंतु चार शतके लोटली, वाटेत हजारो मुखे बदलली, तरी त्यांची मुद्रा ढळली नाही. याचे कारण मुद्रा गाण्याच्या बाहेर चिकटविलेली नव्हती. ती चरणात विणलेली होती, आणि ती काढावी तर चरण मोडे.

अठराव्या शतकात याच औरंगाबादेत सिराज औरंगाबादी नावाचा उर्दू कवी होऊन गेला. गझलेच्या शेवटच्या शेरात कवीचे टोपणनाव येते. सिराज म्हणजे दीप. प्रेमाच्या विस्मयाची वार्ता सांगणारी त्याची एक गझल कव्वालांच्या मुखाने फिरत राहिली आणि विसाव्या शतकात आबिदा परवीन यांच्यासारख्या गायिकांच्या गळ्यातून जगभर गेली. छापखाना नव्हता, कंपनी नव्हती. परंतु गाण्यात नाव होते आणि नाव गाळावे असे कव्वालास वाटले नाही. संत असो की शायर, लोकाश्रयाचा हा जुना करार दोघांनीही पाळला. लोक नाणे देणार नाहीत, पण नाव राखतील, असा तो करार होता.

नाणेही लोकांकडूनच का मागू नये, हा प्रश्न महाराष्ट्रात नेटाने विचारला तो पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२ ते १९३१) यांनी. १८९६ साली त्यांनी मिरजेचा राजाश्रय सोडला, आणि तिकीट लावून सर्वांसाठी जलसे करण्याचा मार्ग धरला. ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडले, तेही संस्थानिकाच्या देणगीवर नव्हे तर लोकांच्या वर्गणीवर. गाण्याची पुस्तके छापली, स्वरलेखनाची पद्धत बसविली, मासिक चालविले, छापखाना घातला. आपल्या कलेचा प्रसार आपणच करणारा हा आधुनिक काळातील पहिला मोठा गवई म्हणता येईल. १९०८ साली मुंबईस महाविद्यालय आले, इमारत उभी राहिली. आणि पुढे त्याच इमारतीच्या कर्जापायी ती हातची गेली. दरबारातून सुटका झाली, पण सावकाराच्या वहीत नाव चढले. स्वातंत्र्यासही भांडवल लागते, हा धडा पंडितजींनी स्वतः सोसून पुढच्या पिढीस दिला.

याच सुमारास यंत्र आले. १९०२ सालच्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग या इंग्रजी कंपनीच्या तज्ज्ञाने कलकत्त्यास गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले. तबकड्या त्या वेळी जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात; तेथील कारागिरांस कोणाचे गाणे कोणते ते कळावे म्हणून गाणे संपताच ती आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगे. आभोगातली मुद्रा येथे यंत्राच्या सोयीसाठी पुन्हा अवतरली. परंतु तबकडीवर जो कागद चिकटविला जाई त्यावर कंपनीची खूण ठळक असे, आणि विक्रीचा हिशेब कंपनीच्या दप्तरात राही. शिवाय तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. रात्रभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसवावयाचा म्हणजे आरंभीची आलापी गाळून एकदम बंदिशीस हात घालणे आले. गाणे कसे असावे हे प्रथमच श्रोत्याने वा गवयाने नव्हे, तर साधनाने ठरविले. भास्करबुवा बखल्यांसारख्या गायनाचार्यांची एकही तबकडी निघाली नाही, म्हणून त्यांचा आवाज आज कोणासही ऐकू येत नाही. साधनाच्या दारातून जे गेले तेवढेच उरले.

तबकडीमागून नभोवाणी आली. निजामाच्या राज्यातील हैदराबाद व औरंगाबाद येथील केंद्रे संस्थान विलीन झाल्यावर १९५० साली आकाशवाणीकडे आली. आकाशवाणी हा एका अर्थी शार्ङ्गदेवाच्या काळचा राजाश्रयच होता. फक्त राजाच्या जागी सरकार होते. तिचे उपकार मोठे आहेत. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने दर आठवड्यास एक याप्रमाणे 'गीतरामायणा'ची ५६ गीते घरोघर पोहोचविली, आणि निवेदकाने कवीचे, संगीतकाराचे, गायकाचे नाव घेण्याची शिस्त तिनेच लावली. पण दार अरुंद होते. स्वरचाचणीत जो उतरला नाही त्यास प्रवेश नव्हता. १९४० पासून सुमारे तीस वर्षे पेटीसारख्या वाद्यास तेथे बंदी होती. आणि १९५२ साली नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी चित्रपटगीतांना दार लावले, तेव्हा श्रोत्यांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावले. श्रोत्याच्या हातात सुई आहे हे त्या दिवशी सर्वांस समजले.

हे सारे चालू असता, तबकडीच्या आणि नभोवाणीच्या दाराबाहेर एक गाणे वाढत होते. त्याचा मराठवाड्याशी फार निकट संबंध आहे. सत्यशोधक जलशांच्या पाठोपाठ, १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. ढोलकी, तुणतुणे, डफ, आणि लोकांच्या ओठी असलेली चाल, एवढेच त्यांचे साहित्य. सभेपूर्वी जलसा व्हावा, गर्दी जमावी, आणि जे व्याख्यानाने दहा वेळा सांगावे लागले असते ते एका कवनाने मनात उतरावे, अशी ती योजना होती. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय उघडले, पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले, आणि नागसेनवन हा परिसर शिक्षणाचे तसेच गाण्याचेही केंद्र बनला. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार प्रत्यक्षात आला. मधल्या साडेपंधरा वर्षांत मोर्चे निघाले, घरे जळली, माणसे मेली. आणि त्या सर्व काळात गाणे चालू राहिले.

या परंपरेचे सर्वांत मोठे कवी वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४). सिन्नरजवळच्या देशवंडीचा हा मनुष्य आयुष्यभर गावोगाव हिंडला आणि त्याने हजारो गीते रचली. शब्दही त्यांचे, बहुधा चालही त्यांचीच. म्हणजे शार्ङ्गदेवाच्या लक्षणास उतरणारे ते वाग्गेयकार होते. त्यांच्याही गीतांच्या शेवटी 'वामन' ही मुद्रा येते. ही गीते लहान पुस्तिकांतून, जयंतीच्या फडांतून आणि दुसऱ्या गायकांच्या गळ्यांतून पसरली. एकनाथांचा करार येथे पुन्हा दिसतो: मोबदला थोडा, नाव अक्षय. परंतु एक फरक आहे. नाथांस मोबदला नको होता. वामनदादांस प्रपंच होता. संताच्या विरक्तीचे कौतुक करावे, पण तीच अपेक्षा पोटार्थी शाहिराकडून ठेवणे हा श्रोत्यांचा आप्पलपोटेपणा होय.

१९८०च्या दशकात ध्वनिफीत, म्हणजे कॅसेट, स्वस्त झाली आणि या गाण्यास यंत्राचे दार प्रथमच उघडले. कॅसेट काढण्यास तबकडीसारखा मोठा कारखाना लागत नसे. लहान भांडवलाच्या संस्था निघाल्या, आणि प्रल्हाद शिंदे व पुढे आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांचे आवाज रिक्षांतून, चहाच्या दुकानांतून, जयंतीच्या मांडवांतून घुमू लागले. अमेरिकन संशोधक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली या कॅसेटयुगावर ग्रंथच लिहिला. मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडून प्रांतोप्रांतीच्या गाण्यास तिने वाट दिली हे त्यांचे प्रतिपादन आहे. पण जी फीत सहज निघते तिची नक्कलही सहज होते. नकली फितींच्या वेष्टनावर कवीचे नाव असलेच पाहिजे असे नव्हते, आणि नाणे तर कोणाच्या गल्ल्यात पडले ते त्यासच ठाऊक.

येथवरचा इतिहास ध्यानी घेतला म्हणजे आजच्या समाजमाध्यमांकडे भाबडेपणाने किंवा तिटकाऱ्याने पाहण्याची गरज राहत नाही. २००५ साली यूट्यूब निघाले. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट आपल्याकडे अतिशय स्वस्त झाले. आणि तरबाबादचा बाजार पुन्हा, पण पृथ्वीएवढा मोठा भरला. जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड या तरुणाचे 'गुलाबी साडी' हे गीत २०२४ साली इन्स्टाग्रामवर लाखो लोकांनी आपापल्या लहान चित्रफितींत वापरले आणि ते मराठी न जाणणाऱ्या देशांतही पोहोचले. चित्रपटाचा आधार नाही, नभोवाणीची चाचणी नाही. लोकांनीच ते खांद्यावर घेऊन नाचविले. वासुदेव, जोशी, गोंधळी यांचे काम आता श्रोता स्वतः करतो. ही गोष्ट लहान नाही, आणि ज्या गावांना तबकडीच्या दाराशी कोणी उभे केले नसते त्या गावांच्या बोलीस मिळालेला हा मान आनंदाचाच आहे.

आता दोन्ही मुद्रांचा प्रश्न विचारू. नावाची मुद्रा आज चरणात नसून संकेतांकात आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणास बारा अक्षरांचा एक आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. शिवाय गाण्याचा ध्वनी ओळखून तो कोणाच्या मालकीचा हे सांगणारी यंत्रणा यूट्यूबने २००७ पासून चालविली आहे. ही मुद्रा यंत्रास वाचता येते, मनुष्यास नाही. शिवाय ती मालकाची ओळख सांगते, कर्त्याची नव्हे. दोघे एक असतील तर ठीक, नसतील तर कर्ता पुन्हा तरबाबादच्या गायिकेसारखा अनामिक होतो. लाखो लोकांस एखाद्या गीताचा पंधरा सेकंदांचा तुकडा पाठ असतो आणि ते कोणी रचले हे विचारले तर ते गप्प बसतात. आपल्या देशाच्या कायद्याने या बाबतीत एक चांगले पाऊल टाकले आहे. १९५७च्या लेखनहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने, गीतकार व संगीतकार यांस मिळावयाचा मोबदल्याचा वाटा त्यांच्याकडून कराराने कायमचा लिहून घेता येऊ नये, अशी तरतूद केली. पण हक्क कागदावर असणे वेगळे आणि तो मागण्याइतकी समज व ताकद असणे वेगळे.

नाण्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. पुष्कळांची समजूत अशी की, आपण एखाद्या संगीतसेवेस दरमहा वर्गणी भरतो ती आपण ऐकतो त्या गायकांस वाटून जाते. स्पॉटिफायसारख्या सेवांची सामान्य रीत तशी नाही. सर्व वर्गणी व जाहिरातींचे उत्पन्न एका ढिगात जमते, आणि एकूण श्रवणात ज्याचा जेवढा हिस्सा त्यास तेवढे मिळते. म्हणजे एखाद्या घराने महिनाभर केवळ मराठवाड्यातील एकाच शाहिरास ऐकले, तरी त्या घराच्या वर्गणीचा फार मोठा भाग ज्यांची गाणी देशात सर्वाधिक वाजली त्यांच्याकडे वळतो. २०२४ पासून स्पॉटिफायने आणखी एक अट घातली: मागील बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या ध्वनिमुद्रणास ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा मोबदलाच नाही. यूट्यूबनेही जाहिरातींतील वाट्यासाठी एक हजार अनुयायी आणि वर्षभरात चार हजार तासांचे दर्शन अशी अट २०१८ साली घातली होती. यावर उपाय नाही असे नाही. ज्या श्रोत्याचे नाणे त्याने ऐकलेल्या कलावंतासच द्यावे, असा प्रयोग साउंडक्लाउड या संस्थेने २०२१ साली स्वतंत्र कलावंतांसाठी सुरू केला. म्हणजे सध्याची वाटणी ही सृष्टीचा नियम नसून हिशेबनीसाने निवडलेली एक रीत आहे. शार्ङ्गदेव हिशेबनीसही होता आणि गाण्याचा मर्मज्ञही. आजचा श्रीकरणाधिप गाणे ऐकत नाही, फक्त मोजतो.

तो मोजतो कसे, याचाही परिणाम गाण्यावर होतो. ऐकणारा आरंभीच्या काही क्षणांत थांबला की पुढे गेला, हे पाहून यंत्र ते गाणे आणखी कोणापुढे ठेवावयाचे ते ठरविते. म्हणून आकर्षक ओळ आरंभीच आणावी, प्रस्तावनेचे संगीत छाटावे, असे तरुण कवी शिकला आहे. इन्स्टाग्रामवरील लहान चित्रफितीची मर्यादा २०२० साली पंधरा सेकंद होती. वाढत वाढत २०२५च्या जानेवारीत ती तीन मिनिटांवर गेली, म्हणजे जेमतेम जुन्या तबकडीच्या एका बाजूइतकी झाली. आणि गाण्याइतकाच वेळ त्याची दवंडी पिटण्यात घालवावा लागतो. पूर्वी नाटक मंडळीचा मनुष्य हस्तपत्रके वाटी. आता गवयासच रोज काहीतरी नवे दाखवून आपण हयात असल्याचे सिद्ध करावे लागते. त्याचा रियाझ या जाहिरातीने खाल्ला, तर त्याचा हिशेब कोणत्याच वहीत लागत नाही.

शिवाय बाजाराची जागा गायकाची नाही. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. बंदीची कारणे राजकीय होती आणि ती येथे तपासावयाची नाहीत; परंतु ज्या खेड्यापाड्यांतील कलावंतांनी तेथे वर्षानुवर्षे आपला श्रोतृवर्ग मिळविला होता, त्यांचा तो श्रोतृवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. देवगिरी पडल्यावर दरबारच्या गवयांवर जी पाळी आली तीच ही, केवळ काळाचे रूप निराळे.

अखेरची गोष्ट खुद्द संभाजीनगरची आहे. या शहरातील राज मुंगासे या तरुणाने रचलेले 'चोर' हे रॅप पद्धतीचे गीत मार्च २०२३च्या अखेरीस समाजमाध्यमांवर झपाट्याने पसरले. त्यात कोणाचे नाव नव्हते, पण रोख राज्यातील सत्तांतराकडे होता हे ऐकणारास उघड होते. एप्रिलच्या आरंभी सत्ताधारी पक्षाच्या युवा शाखेच्या एका पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून अंबरनाथ येथे त्याच्यावर गुन्हा नोंदविण्यात आला. गीताच्या गुणावगुणांविषयी मतभेद असू शकतील. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट महत्त्वाची आहे. गाण्यावर नावाची मुद्रा असली म्हणजे ती केवळ कीर्तीसाठी नसते. मी हे बोललो, माझ्याकडून याचा जाब घ्या, असे ती सांगते. कंपनीच्या पाठीशी असलेल्या गवयास कंपनीचा वकील असतो; दरबारच्या गवयास राजाचे संरक्षण असते. स्वतंत्र गवई मात्र एकटा असतो, आणि अशा वेळी त्याचे लाखो श्रोते कोठे असतात, हा प्रश्न उरतो.

या सर्व इतिहासावरून आम्हांस एकच गोष्ट निष्पन्न होते असे वाटते. साधनाने गवई स्वतंत्र होत नाही. दरबार, तिकीट, तबकडी, नभोवाणी, कॅसेट आणि समाजमाध्यम, यांतील प्रत्येकाने एक दार उघडले आणि त्याची किल्ली दुसऱ्या कोणाच्या हाती दिली. जे गाणे या सर्वांतून पार पडले ते श्रोत्यांनी आपले मानले म्हणून. एकनाथांचे आणि वामनदादांचे नाव कोणत्याही यंत्राने राखलेले नाही. ते लोकांनी राखले. परंतु लोकांनी नाव राखले आणि पोटाचा प्रश्न देवावर सोडला, ही आपल्या लोकाश्रयाची जुनी उणीव आहे. जुन्या काळी ती भरून काढण्यास उपाय नव्हता. आज आहे.

सुशिक्षित कुटुंबाने यात करावयाचे ते फार अवघड नाही. मुलांनी एखादे नवे गाणे ऐकविले तर ते कोणी रचले, चाल कोणाची, तो मनुष्य कोठला, हे विचारावे. गाणे पुढे पाठविताना कर्त्याचे नाव बरोबर पाठवावे. आवडलेला गवई आपल्या शहरात आला तर तिकीट काढून जावे, आणि फुकट प्रवेशिका मागू नये. त्याने आपले ध्वनिमुद्रण स्वतः विकावयास ठेवले असेल तर ते विकत घ्यावे, कारण ते नाणे त्या मोठ्या ढिगात न जाता बहुतांशी त्याच्या हाती पडते. घरच्या लग्नामुंजीत त्याला बोलावले तर बिदागी आधी ठरवावी आणि वेळेवर द्यावी. दौलताबादेच्या बाजारात गाणाऱ्या त्या स्त्रियांची नावे आता कोणासही सांगता यावयाची नाहीत. आज आपल्या कानी पडणाऱ्या गळ्यांची नावे मात्र अजून विचारता येतात.